सोळा हंगामांची फँटसी कारकीर्द एका कागदावर प्रामाणिकपणे कशी मांडावी?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे थोरले मामा २००९-१० च्या हंगामापासून फँटसी प्रीमियर लीग (इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंचा आपला काल्पनिक संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा ऑनलाइन खेळ) खेळत आहेत, आणि मे २०२५ मध्ये संपलेला हंगाम हा त्यांचा सलग सोळावा होता. तरुणपणी ते कोल्हापुरात पेठेतल्या एका तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर लेफ्ट बॅक म्हणून खेळले. त्यामुळे असेल, पण आजही संघ निवडताना ते बचावपटूंपासूनच सुरुवात करतात. या हिवाळ्यात त्यांची साठीशांत आहे. आम्हा भाचरांची जी मिनी-लीग (आपसातली खासगी स्पर्धा) आहे तिच्यातर्फे त्यांची संपूर्ण कारकीर्द एका कागदावर छापून, चौकटीत बसवून त्यांना द्यावी असे आम्ही ठरवले आहे.

अडचण अशी की त्या कागदावर नेमके काय लिहावे यावर आमच्यात एकमत होत नाही. जुन्या हंगामांसाठी संकेतस्थळावर एकूण गुण आणि अंतिम ओव्हरऑल रँक (जगभरच्या सर्व संघांतला क्रमांक) दिसतो, पण कोणाला कधी घेतले, कॅप्टन (ज्याचे गुण दुप्पट मोजतात तो) कोण होता, हे दिसत नाही. मामांचा आकड्याने सर्वांत चांगला क्रमांक २०१५-१६ चा आहे. तेव्हा ते सुमारे ३७ लाख संघांत ४८ हजारांच्या आसपास होते. २०२२-२३ मध्ये ते ५७ हजारांवर थांबले, पण त्या वर्षी संघ १ कोटी १४ लाखांच्या घरात होते. वाईट हंगामांचेही तसेच आहे. २०१६-१७ मध्ये ते साधारण ४५ लाखांत ९ लाखांवर गेले, तर २०२३-२४ मध्ये १ कोटी ९ लाखांत १४ लाखांवर. माझ्या भावाच्या मते फक्त सर्वोत्तम क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा, तर मावसबहिणीच्या मते सोळा क्रमांकांची सरासरी काढावी. मला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. मामांना आकड्यांची चांगली जाण आहे आणि खोटा मोठेपणा त्यांना मुळीच चालत नाही, म्हणून आपल्यापैकी जे बरीच वर्षे खेळत आहेत त्यांनी मार्ग सुचवावा ही विनंती.

मांडवीकिनारी

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. आम्ही पणजीत गेली बारा वर्षे खेळतो आहोत, पण कोणाची कारकीर्द इतक्या आस्थेने लिहून ठेवावी असे आम्हाला कधी सुचले नाही.

सर्वप्रथम, क्रमांक नुसता छापू नका. त्याला त्या हंगामातील एकूण संघांनी भागा आणि टक्केवारी छापा. ४८ हजार भागिले ३७ लाख म्हणजे सुमारे १.३ टक्के, आणि ५७ हजार भागिले १ कोटी १४ लाख म्हणजे ०.५ टक्के. म्हणजे ज्याला आपण दुसऱ्या क्रमांकाचा हंगाम समजत आहात तो प्रत्यक्षात पहिल्यापेक्षा अडीच पटींनी वरचा आहे. वाईट हंगामांतही हाच फरक पडतो. २०१६-१७ चे ९ लाख म्हणजे २० टक्के, तर २०२३-२४ चे १४ लाख म्हणजे सुमारे १२.८ टक्के. तेव्हा मामांचा सर्वांत वाईट हंगाम आकड्याने २०२३-२४ चा दिसत असला, तरी तो २०१६-१७ चाच म्हणावा लागेल.

दुसरी गोष्ट, एकूण गुणांची हंगामाहंगामांत तुलना करण्याचा मोह टाळावा. २०१९-२० चा विजेता २५५७ गुणांवर जिंकला आणि २०२१-२२ चा २८४४ गुणांवर, पण याचा अर्थ दोन वर्षांत खेळणारे जवळजवळ तीनशे गुणांनी हुशार झाले असा होत नाही. २०२१-२२ मध्ये करोनामुळे सामने पुढे ढकलले गेले, त्यातून डबल गेमवीक (गेमवीक म्हणजे सामन्यांची एक फेरी, आणि डबल म्हणजे जिच्यात काही संघांचे दोन सामने होतात ती) वाढले आणि सर्वांना एक जादा फ्री हिटही (एका फेरीपुरता संघ हवा तसा बदलण्याची सवलत) मिळाला. २०१५-१६ च्या आधी हातात वाइल्डकार्डच (संघ हवा तितका बदलण्याची सवलत) काय ते असे. ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे गुण तिप्पट) आणि बेंच बूस्ट (बेंचवरच्या राखीव खेळाडूंचेही गुण) त्याच हंगामात आले, आणि फ्री हिट २०१७-१८ मध्ये. २०२४-२५ पासून न वापरलेली पाचपर्यंत फ्री ट्रान्सफर (गुण न गमावता करायचे खेळाडूबदल) साठवता येतात, पूर्वी दोनच साठत. इतके नियम बदलल्यावर २००९-१० चे गुण आणि २०२४-२५ चे गुण एकाच रकान्यात मांडणे म्हणजे जुन्या आण्यांची आणि आजच्या रुपयांची बेरीज करण्यासारखे आहे. गुण छापायचेच असतील तर ते लहान अक्षरांत छापा आणि नियमबदलाच्या वर्षांवर रेघ मारा.

गारगोटीचा_शिक्षक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र टक्केवारीवर नेहमी घेतला जाणारा एक आक्षेप इथे तपासून पाहायला हवा. दरवर्षी कितीतरी लोक ऑगस्टमध्ये संघ करतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याकडे पाहणे सोडून देतात. असे टाकून दिलेले संघ मोजणीत राहतातच. मग १ कोटी १४ लाखांत अशा संघांचे प्रमाण जास्त असेल तर ०.५ टक्के हा आकडा आहे त्याहून चांगला दिसत नाही का?

हा आक्षेप योग्य आहे, पण तो किती जड आहे हे मोजता येते. दोन्ही हंगामांत निम्मे संघ टाकून दिलेले होते असे धरले, तर टक्केवारी अनुक्रमे २.६ आणि १.० होते आणि क्रम तोच राहतो. क्रम उलटायचा असेल तर २०२२-२३ मधील खऱ्या खेळणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ च्या प्रमाणाच्या सुमारे ३९ टक्क्यांहून खाली असावे लागेल. सोप्या शब्दांत सांगायचे तर २०१५-१६ मध्ये शंभरांपैकी साठ जण मनापासून खेळत असतील, तर २०२२-२३ मध्ये तेवीसांहून कमी जण खेळत असले पाहिजेत. इतकी घसरण झाली असेल हे मला पटत नाही. म्हणून २०२२-२३ हाच सर्वोत्तम हंगाम असे आपण निःशंकपणे छापावे.

आता सरासरीविषयी. आपल्या मावसबहिणीची कल्पना मुळात चांगली आहे, पण साधी सरासरी इथे अन्याय करते. फँटसीत ४ लाखांवरून २ लाखांवर येणे आणि २० हजारांवरून १० हजारांवर येणे ही साधारण सारख्याच कष्टाची पायरी आहे, कारण दोन्ही वेळा माणूस आपल्या पुढच्यांपैकी निम्म्यांना मागे टाकतो. साध्या सरासरीत मात्र पहिली पायरी दुसरीच्या वीसपट वजनाची ठरते, आणि एक वाईट हंगाम दहा चांगल्या हंगामांवर पाणी फिरवतो. त्यासाठी गुणोत्तर मध्य काढावा. आपण दिलेल्या चार हंगामांच्या टक्केवाऱ्या १.३, २०, ०.५ आणि १२.८ अशा आहेत. त्यांची साधी सरासरी ८.६५ येते. त्यांचा गुणाकार करून चौथे मूळ काढले तर सुमारे ३.६ येते. सोळा हंगामांसाठी सोळावे मूळ काढावे लागेल, आणि ते कोणत्याही गणकयंत्रावर लॉगरिदम वापरून पाच मिनिटांत होते. एवढा एक आकडा मामांच्या कारकिर्दीला पुरेसा न्याय देईल असे मला वाटते.

हे सगळे नशिबाचे खेळ आहेत असे समारंभात कोणी म्हणालेच, तर त्यांना जरूर सांगावे की आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका हंगामात चांगले खेळणारे इतर हंगामांतही चांगले खेळतात, हे मोठ्या संख्येवर दाखवले आहे. एका आठवड्यात नशीब फार मोठे असते, आणि सहाशे आठवड्यांत ते पुष्कळसे झिजून जाते. बुद्धिबळाचे तेव्हाचे जगज्जेते मॅग्नस कार्लसन डिसेंबर २०१९ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होते, पण हंगामाअखेर विजेते ठरले ते ऑक्सफर्डचे गणितज्ञ जोशुआ बुल. म्हणून मधल्या आठवड्यांतील उच्चांक कागदावर घेऊ नका, अंतिम क्रमांकच घ्या.

पहाटेची_किंमतवाढ

मी पुण्यात असतो आणि २०११ पासून खेळतो. वरच्या दोघांनी हिशेब उत्तम मांडला आहे, पण तो वाचताना मला एका गोष्टीची चुटपुट लागून राहिली. टक्केवारीने २०२२-२३ वरचा ठरला तरी त्या दोन हंगामांची जात वेगळी आहे. २०२२-२३ मध्ये मँचेस्टर सिटीचा हालांड खेळातल्या आभासी पैशांत ११.५ दशलक्षांचा होता, त्याने लीगमध्ये ३६ गोल केले, आणि ऑगस्टच्या अखेरीस क्रिस्टल पॅलेस आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध पाठोपाठ हॅटट्रिक केल्यानंतर तो जवळजवळ प्रत्येकाच्या संघात जाऊन बसला. जो सर्वांकडे असतो तो तुमचा क्रमांक वाढवत नाही. तो नसेल तरच क्रमांक बुडतो. म्हणून त्या वर्षी ०.५ टक्क्यांत आलेल्या माणसाने आपली आघाडी उरलेल्या दहा जागांवर, विशेषतः बचावफळीवर आणि बेंचवर, इंचाइंचाने मिळवलेली असते. आपल्या मामांसारख्या लेफ्ट बॅकने ती तिथेच मिळवली असेल असे मला वाटते.

२०१५-१६ ची गोष्ट याच्या उलट आहे. लेस्टरचा महरेझ ५.५ दशलक्षांचा आणि त्याच संघातला वार्डी ६ दशलक्षांचा होता. पहिल्याच सामन्यात महरेझने संडरलंडविरुद्ध दोन गोल केले तेव्हा आम्ही पुष्कळ जण म्हणालो की लेस्टर हे चार दिवसांचे पाहुणे आहेत, थोडे थांबू. महरेझ हंगामात २४० गुण मिळवून सर्वांत वर राहिला आणि आम्ही थांबूनच राहिलो. ज्यांनी त्याला ऑगस्टमध्ये घेतले आणि मे महिन्यापर्यंत सोडले नाही त्यांचे धैर्य कोणत्याही टक्केवारीत उतरत नाही. आपल्या मामांकडे तो कधीपासून होता हे कळले तर फार आवडेल.

आणखी एक सुचवतो. सोळा हंगाम म्हणजे ६०८ गेमवीक. त्यांतला सप्टेंबर २०२२ चा सातवा गेमवीक राणी एलिझाबेथ यांच्या निधनामुळे एकाही सामन्याविना गेला, म्हणजे खऱ्या अर्थाने ६०७. इंग्लंडमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडे संघ बदलण्याची शनिवारची मुदत बहुधा दुपारी साडेतीनला संपते आणि शुक्रवारचा सामना असेल तर रात्री अकराला. लग्नकार्ये, नोकरी, दवाखाने सांभाळून इतकी वर्षे मुदत पाळणे हीसुद्धा कारकीर्दच आहे. मामांनी किती मुदती चुकवल्या हे त्यांना विचारता आले तर तो आकडाही कागदावर असू द्या.

रंकाळाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मामींना विश्वासात घेतले आणि त्यांनी कपाटातून अशी वस्तू काढून दिली की जिची आम्हाला कल्पनाच नव्हती. मामांनी २०१२ पासून दोनशे पानी वह्यांमध्ये प्रत्येक गेमवीकची नोंद ठेवली आहे. एका पानावर एक गेमवीक, डाव्या बाजूला निळ्या शाईत अकरा नावे, उजवीकडे ट्रान्सफर आणि त्याखाली ‘कारण’ असा एक रकाना. गुण नंतर पेन्सिलीने लिहिलेले आहेत. एकूण सात वह्या आहेत.

महरेझविषयी विचारले होते. तो २०१५-१६ च्या दुसऱ्या गेमवीकपासून वहीत आहे आणि शेवटच्या पानापर्यंत आहे. कारणाच्या रकान्यात इतकेच लिहिले आहे : ‘चेंडू मागायला घाबरत नाही.’ मुदतींचेही कळले. वह्यांच्या काळात दोन पाने कोरी आहेत, आणि दोन्ही आजोबांच्या आजारपणातली आहेत.

हंगामवार टक्केवाऱ्या आणि गुणोत्तर मध्य काढण्याचे काम मावसबहिणीने आनंदाने अंगावर घेतले आहे, आणि आपली साधी सरासरीची सूचना तिने स्वतःच मागे घेतली. कागदावर सोळा ओळी असतील : हंगाम, अंतिम क्रमांक, एकूण संघ, टक्केवारी. २०१५-१६ च्या वर एक रेघ असेल. २०२२-२३ ची ओळ ठळक असेल आणि २०१६-१७ ची ओळही तितक्याच आकारात असेल, कारण ती गाळली तर मामा कागद परत करतील.

त्या २०१६-१७ चा उलगडाही वहीतच झाला. लेस्टरच्या २०१५-१६ च्या लीग विजेतेपदानंतर महरेझ ९.५ आणि वार्डी १० दशलक्षांचा झाला होता, तरी मामांनी दोघांनाही ठेवले. लेस्टरची घसरण चालू असताना ते महिनोन् महिने त्यांना धरून राहिले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रशिक्षक रानिएरी यांना काढल्याची बातमी आली तेव्हा वार्डीला विकले. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात वार्डीने लिव्हरपूलविरुद्ध दोन गोल केले. त्या पानाची छायाप्रत आम्ही चौकटीत कागदाच्या खाली लावणार आहोत. त्यावर कारणाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिले आहे, ‘संघ मोडला असे वाटते,’ आणि त्याखाली, नंतर कधीतरी, पेन्सिलीने : ‘एक सामना थांबायला हवे होते.’