एक्सपोर्ट केल्यावर लोगोच्या कडा पसरतात, मदत हवी आहे

मंडळी, दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एका मंगल कार्यालयाची जाहिरात करतोय. टाइमलाइन १९२० बाय १०८०. लोगो ४००० पिक्सेल रुंद, पारदर्शक पीएनजी. फ्रेममध्ये जेमतेम ३०० पिक्सेल दिसतो. एडिटिंग करताना झकास, पण एच.२६४ कॉम्प्रेशनमध्ये एमपी४ फाइल काढली की गडद निळ्यावरची लाल अक्षरं पसरतात. 'श्री'ची वेलांटी तर पार चिकटते. गंमत म्हणजे शेजारचा पांढरा फोन नंबर कोरल्यासारखा स्पष्ट! म्हणून ४:२:० या रंग साठवायच्या पद्धतीवर संशय आहे, त्यात उजेडाची माहिती पूर्ण राहते, पण रंगाची आडवी-उभी निम्मीच उरते ना? बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) वाढवूनही ढिम्म फरक नाही. लोगो आधीच ३०० पिक्सेलचा करून घेऊ, की अक्षरांना बारीक पांढरी कड देऊ? ४के टाइमलाइन कृपया सुचवू नका, लॅपटॉप रडतो. आणि पार्टीला रंग लालच हवाय.