ओटीपी न्यू जर्सीला, नाना इथे काउंटरवर (सोसायटी ग्रुपवरची बुधवारची चर्चा)

वहिनी, बी-४०२ (दु. १२:४७)
नमस्कार. मी ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. नानांची स्टेंटनंतरची तपासणी होती. रजा टाकून घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "केस पेपर आता अ‍ॅपवरच निघतो, ओटीपी आला की सांगा." ओटीपी गेला धाकट्या भावजींच्या नंबरवर, कारण अँजिओप्लास्टीच्या वेळी फाइलला तोच दिला होता. भावजी न्यू जर्सीला. तिथे रात्रीचे सव्वादोन. चार वेळा फोन केला, सायलेंटवर. ७९ वर्षांचा माणूस पन्नास मिनिटं उभा. शेवटी डॉक्टरांना न भेटता परत आलो. डॉक्टर आत बसलेले दिसत होते हो, दार उघडं होतं.

खजिनदार (दु. १२:५१)
सर्व सभासदांना नम्र विनंती. मेंटेनन्स १० तारखेच्या आत भरावा. नंतर व्याज लागेल. 🙏

ताई, बी-१०३ (दु. १२:५३)
अरेरे. नाना बरे आहेत ना आता? जेवले का?

नाना, बी-४०२ (दु. १२:५८)
मी बरा आहे. माझं म्हणणं एवढंच, एक खिडकी माणसाची ठेवा. मी एस.टी.त ३४ वर्षं काढली. रिझर्व्हेशन आलं तेव्हाही खिडकी बंद केली नव्हती.

अप्पा, ए-२०३ (दु. १:०४)
वहिनी, वाईट झालं. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यात दोष अ‍ॅपचा नाही, नंबराचा आहे. तो वेळीच बदलून घ्यायला हवा होता. माझे सगळे रिपोर्ट मोबाईलमध्ये आहेत, अपॉइंटमेंट घरून घेतो, दहा मिनिटांत बाहेर. पूर्वी पहाटे नंबर लावायला जायचो, ते विसरलात का सगळे?

वहिनी, बी-४०२ (दु. १:०९)
अप्पा, आयसीयूच्या दारात उभं असताना कुणाचा नंबर लिहायचा याचा विचार कोण करतं? जो सही करायला पुढे झाला त्याचा लिहिला. आणि आज "नंबर बदलून द्या" म्हटलं, तर बदलायलाही जुन्या नंबरवर ओटीपी. 

अप्पा, ए-२०३ (दु. १:१०)
हे मात्र चूक आहे. मान्य.

माई, सी-३०४ (दु. १:३१)
विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. सोमवारी सकाळी साडेसहाला लॅबचा मुलगा रक्त घ्यायला आला होता. उपाशीपोटीची साखर. गेटवरच्या अ‍ॅपने मला विचारलं म्हणे, "येऊ देऊ का?" मी अंघोळीला गेलेले. बाहेर येऊन चष्मा शोधून फोन बघेपर्यंत तो पुढच्या घरी निघून गेला. नऊपर्यंत ना चहा, ना इन्सुलिन. घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेवटी साखर तोंडात टाकली आणि बसून राहिले. घरात मी एकटी. आधी वॉचमन इंटरकॉम करायचा. इंटरकॉम कुठे गेला?

दादा, ए-५०१ (दु. १:३६)
माई, काळजी घ्या. पण गेटचं अ‍ॅप सुरक्षेसाठी आहे. सायकली चोरीला गेल्या तेव्हा सगळ्यांनीच मागणी केली होती. एजीएमचा, म्हणजे वार्षिक सभेचा, ठराव आहे. एकासाठी नियम मोडला की सगळ्यांसाठी मोडतो.

ताई, बी-२०१ (दु. १:३८)
दादा, नियमाचं तुम्ही नका बोलू. दिवाळीला १०८ ची गाडी गेटमधून आत आली आणि तुमच्या गाडीमागे अडकली होती. आमच्या ह्यांना चादरीत घालून गेटपर्यंत आणलं पोरांनी.

दादा, ए-५०१ (दु. १:४०)
तो विषय संपलाय. मी घरी येऊन माफी मागितली होती.

ताई, बी-२०१ (दु. १:४१)
मागितलीत. गाडी अजून तिथेच असते.

खजिनदार (दु. १:४२)
पार्किंगचा विषय वेगळ्या ग्रुपवर घ्यावा. मेंटेनन्स १० तारखेच्या आत. 🙏

नाना, बी-४०२ (दु. १:४५)
एक खिडकी माणसाची ठेवा.

ताई, बी-१०३ (दु. २:१५)
वाद नको. मी गावाकडचं सांगते. आई पाटण तालुक्यात एकटी असते, ७४ वर्षांची, बीपी आणि गुडघे. पूर्वी बीपीच्या गोळीसाठीही कऱ्हाडला एस.टी.ने जायची, अख्खा दिवस जायचा आणि येताना पाय सुजलेले. आता गावच्या उपकेंद्रात सीएचओ ताई, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहेत. त्या बीपी मोजतात, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवतात, चिठ्ठी येते आणि गोळ्या तिथल्या तिथे हातात. रेंज गेली की थांबावं लागतं, डोंगर आहे. पण आईला ना अ‍ॅप माहीत, ना ओटीपी. आशाताई घरी येऊन सांगते, "आजी, आज या," आणि आई जाते.

अप्पा, ए-२०३ (दु. २:१९)
हेच तर म्हणतोय मी! ई-संजीवनी २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवली. थेट घरून बोलायची ओपीडी २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये आली. २०२३ च्या फेब्रुवारीतच १० कोटी सल्ले पूर्ण झाले. एवढ्या लोकांचा एस.टी.चा फेरा वाचला. मोबाईलला नावं ठेवून कसं चालेल?

नाना, बी-४०२ (दु. २:२६)
अप्पा, तुम्ही परत वाचा. पाटणला मोबाईल सीएचओ बाईंच्या हातात आहे. म्हणजे खिडकीत माणूस आहे. आमच्याकडे खिडकीतली मुलगी मोबाईल माझ्याच हातात शोधत होती. 

ताई, बी-१०३ (दु. २:२७)
अगदी बरोबर नाना.

अप्पा, ए-२०३ (दु. २:३३)
हं. हा मुद्दा आहे.

डॉक्टर ताई, सी-१०१ (दु. ३:०५)
ओपीडी आत्ता संपली, आता वाचलं. वहिनी, नानांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या किती उरल्यात?

वहिनी, बी-४०२ (दु. ३:०७)
शुक्रवार सकाळपर्यंतच्या. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर द्यायला नाही म्हणतोय.

डॉक्टर ताई, सी-१०१ (दु. ३:१२)
मग आजच हालचाल करा. स्टेंट असताना ती गोळी एक दिवसही आपल्या मनाने बंद करायची नाही. नानांचे हृदयाचे डॉक्टर त्यांना ओळखतात, त्यामुळे हा फॉलोअप आहे. केंद्र सरकारचे टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० चे आहेत. त्यानुसार डॉक्टर व्हिडिओवर बघून चालू गोळ्या पुन्हा लिहून देऊ शकतात. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा, ती पीडीएफ मेडिकलमध्ये चालते. फोनवर भागणार नाही असं डॉक्टरांना वाटलं तर ते बोलावून घेतील, तो अधिकार त्यांचा. ओपीडीच्या लँडलाइनवर फोन करून त्यांच्या असिस्टंटशी बोला, अ‍ॅपच्या नादी लागू नका. तपासणी मात्र पुढच्या आठवड्यात प्रत्यक्षच करा. स्टेथोस्कोप फोनमधून लागत नाही.

दादा, ए-५०१ (दु. ३:१५)
डॉक्टर ताई, तुम्हीच लिहून द्या ना ग्रुपवर. सोसायटीत डॉक्टर असून बाहेर कशाला धावायचं?

डॉक्टर ताई, सी-१०१ (दु. ३:२४)
दादा, मी त्वचेची डॉक्टर आहे. ज्या पेशंटला तपासलं नाही, त्याची हृदयाची गोळी मी ग्रुपवर लिहिणार नाही. आणि आता बोलतेच. रात्री अकरानंतर माझ्या फोनवर रिपोर्टचे फोटो येतात, निम्मे अंधारात काढलेले. परवा तुम्ही दीड वाजता घड्याळाचा ईसीजी पाठवलात, "छातीत जड वाटतंय, बघून सांगा." मी सहाला उठून पाहिला. मधल्या साडेचार तासांत काही झालं असतं तर? घड्याळाचा ईसीजी एका लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघतो. ठोके अनियमित आहेत का हे त्यात कळू शकतं, हार्ट अटॅक त्यात कळत नाही. त्याला दवाखान्यातला १२ लीडचा लागतो. छातीत जड वाटलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं, तर मला फोटो पाठवायचा नाही. १०८ लावायचा. फुकट आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

ताई, बी-२०१ (दु. ३:२६)
आणि १०८ आली की वाट मोकळी हवी.

दादा, ए-५०१ (दु. ३:४०)
डॉक्टर ताई, घाबरलो होतो त्या रात्री. बायको-मुलं गावाला होती. सॉरी. गाडी आज रात्रीपासून मागच्या बाजूला लावतो.

सेक्रेटरी (दु. ४:०२)
सगळ्यांचं वाचलं. एक सुचवतो. सगळ्यांनी आभा कार्ड काढून घ्यावं. ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. लिंक आलीय, टाकतो.

डॉक्टर ताई, सी-१०१ (दु. ४:०५)
सेक्रेटरी साहेब, लिंक टाकू नका! आभा वेगळं, आयुष्मान वेगळं. आभा म्हणजे १४ आकडी आरोग्य क्रमांक. त्यात रिपोर्ट जोडता येतात, आपण परवानगी दिली तरच डॉक्टरांना दिसतात, आणि तो काढायची सक्ती नाही. त्यात पैसे नाहीत. ५ लाखांचं ते आयुष्मान वय वंदना कार्ड. ७० पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आधारवरून. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालं. ५ लाख कुटुंबाला वर्षाला, म्हणजे नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. आणि ते योजनेतल्या रुग्णालयातच चालतं, आधी विचारून जा. १४५५५ वर माहिती मिळते.

माई, सी-३०४ (दु. ४:११)
मी दोन वर्षं आभाचा कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय. मला वाटलं ५ लाखांचं तेच.

काकू, ए-१०४ (दु. ४:३०)
लिंकवरून आठवलं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण सांगते. मार्चमध्ये ह्यांच्या एमआरआयसाठी मी इंटरनेटवर हॉस्पिटलचा नंबर शोधला आणि फोन केला. गोड बोलला. "काकू, ५ रुपये भरून अपॉइंटमेंट कन्फर्म करा, फाइल पाठवतो ती उघडा." उघडली. रात्रीपर्यंत ३८ हजार गेले. लाज वाटली म्हणून गप्प बसले. मुलानेच मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, पण दुसऱ्या दिवशी. उशीर झाला होता.

वहिनी, बी-४०२ (दु. ४:३४)
काकू, लाज कसली. मी बँकेत आहे, आठवड्याला असा एक तरी माणूस समोर रडत बसलेला असतो. शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे. असं झालं की पहिल्या तासात १९३० आणि बँक. मोबाईलवर आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, कुणीही उघडायची नाही, नाव हॉस्पिटलचं असो नाहीतर आरटीओचं. नंबर जुन्या केस पेपरवरचा घ्या.

खजिनदार (दु. ४:३६)
मेंटेनन्सची लिंक मात्र खरी आहे. १० तारखेच्या आत. 🙏

ताई, बी-१०३ (दु. ४:३७)
😂

नाना, बी-४०२ (दु. ४:५०)
एक खिडकी माणसाची ठेवा.

नातू, ए-२०३ (सं. ५:२०)
नाना, मी बसतो खिडकीत. खरंच. २०२१ ला लसीचे स्लॉट आम्हीच पोरं लावत होतो, आठवतंय? स्लॉट उघडले की काही सेकंदांत संपायचे, आम्ही तिघं तीन फोन घेऊन जिन्यात बसायचो. एका मोबाईल नंबरवर चार जण चालायचे, म्हणून सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींची नावं आम्ही आमच्या नंबरांवर घातली होती. मी तेव्हा नववीत होतो. रविवारी आम्ही हॉलमध्ये बसू. ज्यांचे ओटीपी परदेशात जातात त्यांनी आधार आणि फाइल घेऊन या.

अप्पा, ए-२०३ (सं. ५:२३)
शाब्बास रे. मीही बसतो. मला वाटायचं, आपल्याला येतं म्हणजे सगळ्यांना येतं.

सेक्रेटरी (सं. ६:१०)
ठरलं. रविवारी १० ते १, हॉल. कमिटीतर्फे हॉस्पिटलला पत्र देऊ, साठीपुढच्यांसाठी एक काउंटर ओटीपीशिवाय असावा म्हणून. नाना, मसुदा तुम्ही लिहा. गेटचं असं, लॅब, नर्स, औषधवाला आणि अँब्युलन्स यांना अ‍ॅपच्या परवानगीची गरज नाही. वॉचमन नाव-नंबर वहीत लिहील आणि इंटरकॉम करेल. सी विंगचा इंटरकॉम बंद आहे हे मला आजच कळलं, इलेक्ट्रिशियनला बोलावलंय. दादा, ठरावाला बाधा येत नाही ना?

दादा, ए-५०१ (सं. ६:१२)
नाही नाही. करा.

ज्युनियर खजिनदार (सं. ६:१५)
इंटरकॉमचा खर्च कोणत्या हेडमधून?

ताई, बी-२०१ (सं. ६:१६)
आता हे नको हो.

वहिनी, बी-४०२ (रा. ८:०५)
डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल झाला. सात मिनिटं. पायाला सूज आहे का ते दाबून दाखवायला सांगितलं, बीपीची वही बघितली, एक गोळी कमी केली. चिठ्ठी आली, औषध आणलं. डॉक्टर ताई, तुमचे फार उपकार. नंबरसाठी भावजी उद्या त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, फोनवर थांबणार आहेत.

नाना, बी-४०२ (रा. ८:२०)
डॉक्टर छोट्या चौकटीत दिसत होते, पण त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, झोप लागते का. बरं वाटलं. पत्र लिहायला घेतलं आहे. रविवारी चष्मा आणि फाइल दोन्ही आणतो.

माई, सी-३०४ (गुरुवार, स. ६:४१)
इंटरकॉम वाजला. लॅबचा मुलगा वर आला, रक्त घेऊन गेला. चहा ठेवलाय.