'हाउप्टफेल्डवेबेल'ला मराठीत काय म्हणावं?

परवा दुसऱ्या महायुद्धावरचा एक अनुवाद तपासत होतो. त्यात जर्मन सैन्यातल्या 'हाउप्टफेल्डवेबेल'ला सरसकट 'सुभेदार' केलं होतं. मला ते चूक वाटतं.

आधी 'वेबेल' पाहू. जुन्या जर्मनमध्ये 'वाइबेल' म्हणजे न्यायालयाचा शिपाई, निरोप्या. मूळ धातूचा अर्थ इकडून तिकडे फिरणं. 'फेल्ड' म्हणजे रणभूमी. सोळाव्या शतकातल्या भाडोत्री पायदळात रांगा लावत फिरणारा तो फेल्डवाइबेल. स्वित्झर्लंडच्या सैन्यात हे जुनं रूप आजही चालतं. घोडदळात आणि तोफखान्यात त्याच जागी 'वाख्टमाइस्टर' म्हणत.

आता मुख्य मुद्दा. हिटलरच्या काळातल्या सैन्यात हाउप्टफेल्डवेबेल हा हुद्दा नव्हताच, ती नेमणूक होती. माणसाचा हुद्दा सहसा फेल्डवेबेलच्या वरचा, म्हणजे ओबरफेल्डवेबेल किंवा श्टाब्सफेल्डवेबेल असे. कंपनीत असा माणूस एकच. हजेरी, पहाऱ्याच्या पाळ्या, रजा, टपाल, जेवण, कपडालत्ता, शिस्त, सगळं त्याच्याकडे. त्याच्या दोन्ही बाह्यांच्या टोकाशी चंदेरी फितीचे दोन वेढे असत; जवान त्यांना 'पिस्टनच्या रिंगा' म्हणत. डगल्याच्या छातीवरच्या दोन गुंड्यांमध्ये जाडजूड नोंदवही खोचलेली. ती वही बाहेर निघाली की कुणाचं तरी नाव चढणार, हे सगळ्यांना ठाऊक! तोंडावर त्याला रीतसर हाक, पाठीमागे मात्र 'श्पीस' किंवा 'कंपनीची आई'. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळात या पदावरच्या फेल्डवेबेलला अधिकाऱ्यासारखी तलवार बाळगायची मुभा होती. 'श्पीस' म्हणजे भाला, आणि हे टोपणनाव त्या तलवारीवरून पडलं असं सांगतात.

सुभेदार आपल्याकडे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), म्हणजे हवालदाराच्या वरचा स्वतंत्र थर. जर्मन सैन्यात असा थर नव्हता. मग जवळचा शब्द कोणता? माझं मत 'कंपनी हवालदार मेजर'. तीही नेमणूकच आहे, हुद्दा हवालदाराचाच, आणि कामही बरंचसं तेच. शिवाय 'हवालदार' शब्दच किती नेमका बसतो पाहा : ज्याच्या हवाली काही केलं आहे तो. शिवकाळात गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत आणि पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. अर्थात गडाच्या हवालदाराचा मान फार मोठा. त्याला फेल्डवेबेलच्या पंक्तीला बसवू नये.

'श्पीस' मात्र तसाच ठेवावा. 'भाला' केलं तर वाचक गोंधळेल आणि 'भालदार' म्हटलं की डोळ्यांपुढे राजदरबार येतो.

अनुवाद करणाऱ्यांनी एक जपावं. 1955 नंतरच्या पश्चिम जर्मन सैन्यात 'हाउप्टफेल्डवेबेल' हा खराखुरा हुद्दा झाला आणि जुन्या नेमणुकीचं नाव 'कोम्पानीफेल्डवेबेल' पडलं. खांद्यावरच्या पिवळ्या दोरीवरून तो ओळखू येतो. म्हणून मजकूर कोणत्या सालचा आहे ते पाहूनच शब्द निवडा.