लान्सारोते: तिमानफायाची बसफेरी वगळावी का?

माळरान
लान्सारोतेला आठ दिवस राहून परवा परतलो. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी हे बेट ज्वालामुखीसाठी ओळखलं जातं, म्हणून पहिल्याच सकाळी तिमानफाया राष्ट्रीय उद्यान गाठलं. माझं स्पष्ट मत आहे की दिवस मोजके असतील तर ती बसफेरी सोडा. १४ किलोमीटरचा रस्ता, खाली उतरायला बंदी, ध्वनिमुद्रित निवेदन, आणि काचेत शेजाऱ्याच्या मोबाइलचं प्रतिबिंब. डोंगर दिसतो, पण भेटत नाही.

तो वेळ ला हेरिया या द्राक्षमळ्यांच्या भागाला द्या. १ सप्टेंबर १७३० ला सुरू झालेला उद्रेक १७३६ पर्यंत चालला. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा त्यात गेला, गावंच्या गावं गाडली गेली. मागे राहिलेल्यांनी काय केलं, ते इथे दिसतं. काळ्या राखेत जुनी माती लागेपर्यंत नरसाळ्यासारखा खड्डा, तळाशी द्राक्षाचा वेल, वाऱ्याच्या बाजूला दगडांचा अर्धगोल गडगा. असे हजारो खड्डे. वर्षाला पाऊस जेमतेम १५० मिलिमीटर. मी एका खड्ड्याच्या कडेला बसून राखेत हात घातला. वरची कणी चटका देत होती, चार बोटं खाली गार आणि किंचित ओलसर. रात्रीचं दंव ही राख धरून ठेवते आणि खालची माती सुकू देत नाही. ज्या राखेने शेतं बुडवली तीच आता वेल जगवते. मला विचाराल तर या बेटाची संस्कृती ती हीच.

सागरगोटा
अजिबात पटलं नाही. माझी आई ७४ वर्षांची, गुडघे साथ देत नाहीत. त्या बसमुळेच तिला विवरं जवळून बघता आली. खिडकीची जागा मिळावी म्हणून आम्ही एक बस सोडून दिली, एवढंच.

आणि उतरू देत नाहीत ते योग्यच आहे. उद्रेक थांबून जवळजवळ तीनशे वर्षं होत आली, तरी त्या दगडांवर आत्ताशी दगडफुलासारखी बुरशी-शेवाळाची पापुद्री धरते आहे. त्यावरून माणसं चालायला लागली तर काय उरेल? बंदी आहे म्हणून तर डोंगर तसा आहे.

वर तुम्ही लिहिलं नाही, पण बसच्या आधी कर्मचारी जमिनीतल्या खड्ड्यात काट्याकुट्यांची जुडी टाकतात. काडी लावत नाहीत, काही नाही. आधी धूर, मग भसकन जाळ. आई दोन पावलं मागे सरली आणि माझा हात घट्ट धरला. पायाखाली काय आहे हे तिला त्या क्षणी कळलं. याला तुम्ही कमी का लेखता?

शिवाय माळरान, खड्ड्याच्या कडेला बसलात म्हणता, ते कुणाचं तरी शेत आहे. कड ढासळली की राख वेलीवर येते आणि ती हातानेच उपसावी लागते. वाट ठरवून दिलेली आहे, तिच्यावरूनच चालायला हवं.

तांबडमाती
दोघांनीही चित्रकार सेसार मानरिकेचं नाव घेतलं नाही! मला तर तिथे सगळ्यात जास्त तोच खटकला. हामेओस देल आग्वा ही लाव्ह्याची गुहा. तिच्यात त्याच्या कल्पनेतून उपाहारगृह, पोहण्याचा तलाव, सभागृह. आतल्या पाण्यात चिमुकले, पांढरे, आंधळे खेकडे राहतात. नाण्यांचा धातू त्यांना घातक, म्हणून नाणी टाकू नका असं बजावावं लागतं. इतकं नाजूक काही असेल तिथे मुळात गर्दी आणावीच का? त्यापेक्षा त्याच लाव्हानळीतली (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या पोकळ बोगद्यातली) क्वेवा दे लोस वेर्देस ही गुहा बघा. चाचे आले की बेटावरची माणसं तिथे लपायची. आत फक्त वाट आणि दिवे. शेवटी एक गंमत आहे, ती मी इथे सांगणार नाही.

सागरगोटा
तांबडमाती, मानरिकेवर हा अन्याय होतोय. बेटाच्या राजधानीत, आर्रेसिफेत जन्मलेला हा चित्रकार न्यूयॉर्कहून परतला आणि रस्त्याकडेला जाहिरातफलक नकोत, घरं ठेंगणी आणि पांढरी हवीत, यासाठी मरेपर्यंत (१९९२) भांडला. विमानतळाबाहेर पडल्यावर फलकांऐवजी डोंगर दिसतात, ते त्याच्यामुळे. ताहीचे गावातलं त्याचं घर बघितलंत का? लाव्ह्यातले पाच पोकळ बुडबुडे जोडून खालच्या खोल्या केल्या आहेत, आणि गोठलेला लाव्हा खिडकीतून आत आल्यासारखा वाटतो. गुहा बंद ठेवूनही जपता येते, मान्य. पण माणसांना आत नेऊन हळू बोलायला लावणं हेही जपणंच आहे.

माळरान
सागरगोटा, कडेबद्दल तुमचं बरोबर आहे. उठताना माझ्या टाचेखालून राख घरंगळत वेलीच्या बुंध्यापर्यंत गेली होती, ते आत्ता आठवलं. पुढच्या वेळी पायवाट सोडणार नाही.

आईंचा अनुभव वाचून एवढं मागे घेतो की ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी बस जरूर घ्यावी. पण धडधाकट माणसाने उद्यानाची त्रेमेसाना ही वाट धरावी. वाटाड्यासोबत, मोजक्याच लोकांना नेतात, नाव आधी नोंदवावं लागतं. मला हे तिथे गेल्यावर कळलं, तोवर जागा संपल्या होत्या.