पापड नको असेल तर आधी सांगा

डेबियन या लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेजसोबत (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यासोबत) लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या याद्या असतात: डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स. तुम्ही म्हणताय की रेकमेंड्स वगैरे थोतांड आहे, जे लागतं ते सरळ डिपेंड्समध्ये टाका. मला नाही पटत. नाशकात मिसळ मागवली की पाव येणारच, ते डिपेंड्स. पापड न सांगता येतो, नको असेल तर आधी सांगायचं, ते रेकमेंड्स. आणि दही मागितलं तर, ते सजेस्ट्स (काही ठिकाणी दहीपण न मागता देतात, असो).

आता डेबियनचं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) बघा, त्यात सीए-सर्टिफिकेट्स (समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासायला लागणारं पॅकेज) रेकमेंड्समध्ये आहे. मी सातपूरला एका वर्कशॉपच्या जुन्या पीसीवर जागा वाचवायला नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स (रेकमेंड्स टाकू नको, असा पर्याय) लावून गिट टाकलं आणि एचटीटीपीएसवरून क्लोन मारलं (सर्व्हरवरून कोडची प्रत उतरवायला घेतली) की सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन फेल, अर्धा तास नेटला शिव्या घालत बसलो! पण म्हणून ते डिपेंड्समध्ये हवं का, तर नाही, कारण नुसतं लोकल रेपोवर (आपल्याच मशीनवरच्या कोडवर) काम करणाऱ्याला ते लागतच नाही. लायब्ररींचं ठीक आहे, डीपीकेजी-श्लिबडेप्स हे टूल बायनरी (तयार प्रोग्रॅम) बघून त्या डिपेंड्समध्ये स्वतःच भरतं, भांडण उरतं ते बाकीच्यांवर, तिथे मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) डोकं चालवायचं. आणि एपीटी (डेबियनमध्ये पॅकेजेस टाकणारं टूल) २००९ च्या लेनी या आवृत्तीपासून रेकमेंड्स डीफॉल्टनेच टाकतं, मग सामान्य युजरला त्रास कसला?