क्लस्टरवर जॉब तीन दिवस पेंडिंग, काय चुकतंय?

प्रथिनवाला_पुणे:
पीएचडीचं दुसरं वर्ष, बायोकेमिस्ट्री. ग्रोमॅक्सवर (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) एका प्रोटीनचं सिम्युलेशन चालवायचंय, पाणी धरून साधारण ८० हजार अणू. इन्स्टिट्यूटच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेले बरेच कॉम्प्युटर, सगळे वाटून वापरतात) अकाउंट मिळालं पण शिकवलं कुणीच नाही, सीनियरने त्याची स्क्रिप्ट दिली आणि तो पोस्टडॉकला गेला. त्यात ८ नोड (म्हणजे क्लस्टरमधले ८ कॉम्प्युटर, प्रत्येकी ४८ कोर) आणि ७ दिवस मागितलेत. तीन दिवस झाले जॉब पेंडिंगच, रिझनमध्ये प्रायॉरिटी. सर रोज विचारतात, काय सांगू?

जुनाखेळाडू:
सरांना सांग रांगेत उभा आहे 😄
अरे ८ नोड आणि ७ दिवस म्हणजे एसटीत आठ सीट एकदम शेजारी शेजारी पाहिजेत म्हणण्यासारखं आहे. स्लर्म (जॉबची रांग लावणारा प्रोग्रॅम) मोठ्या जॉबसाठी नोड राखून ठेवतो आणि तोवर मधल्या फटीत छोटे जॉब घुसवतो, त्याला बॅकफिल म्हणतात. तू वेळ कमी लिहिलीस तर तूही त्या फटीत बसशील. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (कुठवर आलो त्याची नोंद) लिहितो, त्यामुळे २४ तास माग, मॅक्सएच (किती तासांत थांबायचं तो ऑप्शन) २३ दे, तो स्वतःहून नीट थांबेल, मग सीपीआय (चेकपॉइंट वाचायचा ऑप्शन) देऊन तिथूनच पुढे चालू. सात दिवस एका दमात कशाला पाहिजेत?

हेल्पडेस्कची_ताई:
मी अशाच एका सेंटरला सपोर्टला होते म्हणून सांगते, आधी स्केलिंग टेस्ट कर. १, २, ४, ८ नोडवर दहा-दहा मिनिटं चालव आणि लॉगच्या शेवटी दिवसाला सिम्युलेशनचे किती नॅनोसेकंद होतात ते बघ. ८ नोड म्हणजे ३८४ कोर, एका कोरच्या वाट्याला जेमतेम दोनशे अणू, मग कोर हिशोब कमी आणि एकमेकांशी गप्पाच जास्त मारतात.
आणि सपोर्टला मेल टाकताना "जॉब चालत नाहीये प्लीज हेल्प" एवढंच नको रे बाबा, अशा मेलवर आमचे दोन दिवस फक्त उलट प्रश्न विचारण्यात जायचे. जॉब आयडी, स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे, कुठले मॉड्यूल (क्लस्टरवरची सॉफ्टवेअर) लोड केलेत, एरर फाइलच्या शेवटच्या ओळी, एवढं दे. ट्रेनिंगचं म्हणशील तर नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमध्ये (२०१५ पासूनचं) खरगपूर, मद्रास, पालक्काड आणि गोवा आयआयटीत ट्रेनिंगची नोडल सेंटर्स आहेत, सीडॅकचे पण वर्कशॉप असतात. लक्ष ठेव.

प्रथिनवाला_पुणे:
टेस्ट केली!! लहान जॉब लगेच लागले. २ नोडवर दिवसाला ८२ नॅनोसेकंद, ४ वर १०९, आणि ८ वर १०४. म्हणजे ८ वर उलट कमी?? सीनियर वर्षभर हेच चालवत होता 🤦

हेल्पडेस्कची_ताई:
त्याची सिस्टीम मोठी असेल, त्याला बोल नको लावूस. ४ नोडवरही वेग दुप्पट होत नाहीये, म्हणून तू २ नोड घे, वेगवेगळ्या सुरुवातीपासून दोन-तीन रन समांतर टाक, पेपरसाठी रिपीट लागतातच.

जुनाखेळाडू:
आणि लॉगिन नोडवर (सगळे जिथे लॉगिन करतात तो कॉम्प्युटर) एमडीरन (ग्रोमॅक्सची सिम्युलेशन चालवणारी कमांड) चालवू नकोस. मी चालवलं होतं, अख्ख्या क्लस्टरचं लॉगिन रखडलं, अॅडमिनने अकाउंट लॉक केलं आणि गाईडला सीसी करून मेल. शिवाय स्क्रॅच (तात्पुरत्या फाइलींची जागा) जुन्या फाइली साफ करतो का ते आधी विचार, माझी एका महिन्याची ट्रॅजेक्टरी (सिम्युलेशनचं आउटपुट) तशीच गेली.

प्रथिनवाला_पुणे:
स्क्रॅचमध्येच आहे सगळं. थांबा, कॉपी करून येतो.