प्रतिसाद: डिसायपल रटाळ आहे?

वर कुणीतरी लिहिलंय की 'वाळवी' सिनेमा एका दमात संपला आणि 'द डिसायपल' हा सिनेमा रटाळ वाटून अर्ध्यात बंद केला, पहिल्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही. वाळवी मी पण नुकताच बघितला, दिग्दर्शक परेश मोकाशीने मस्त फिरवलाय, अनिता दाते भारी, पण दुसऱ्यांदा बघायची इच्छा होणार नाही कारण पुढे काय होतं हे कळलं की मजा गेली.

डिसायपलचं तसं नाहीये. रात्री सुनसान रस्त्यावर शरद (शास्त्रीय गाणं शिकणारा नायक) गाडीवरून चाललाय, कानात माईंचं, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंचं, रेकॉर्ड केलेलं बोलणं, मागे तानपुरा, एवढंच, आणि तरी नजर हटत नाही (माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा आहे बरं का). गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड म्हणजे खरेच जयपूर घराण्याचे गायक, त्यामुळे मैफिलीत हात हलवून नाटक करणं वगैरे प्रकार नाहीच. आणि तो रेकॉर्ड जमवणारा माणूस! (स्पॉयलर आहे, बघायचा असेल तर पुढचं वाचू नका.) माईंबद्दल इतकं वाकडं बोलतो की शरद सरळ त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. मला तर तिथे शरदचीच कीव आली, कारण त्याला राग येतो तो बहुतेक ते खरं असेल या भीतीनेच.

एक खटकलं, टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोवाल्या मुलीचा ट्रॅक जरा जास्तच ठळक करून दाखवलाय, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने त्याच्या आधीच्या 'कोर्ट' सिनेमात असं बोट ठेवून काहीच दाखवलं नव्हतं. २०२० ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात डिसायपलला पटकथेचं बक्षीस मिळालं ते मात्र योग्यच. मोबाईलवर बघू नका राव, निदान हेडफोन तरी लावा.